आई-बापाच्या माघारी कोण? पेन्शन वाढली, पण सातारा-सांगलीच्या गावांत सांभाळणारे हात कमी होतायत

सातारा/सांगली : संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना मिळणारी रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला १५०० वरून २५०० रुपये झाली. वर्षाचे ३० हजार. गोरगरीब घराला ही मोठी मदत आहे. पण ज्या घरात बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरातल्या आईला विचारलं तर तिचा पहिला प्रश्न पैशाचा नसतो. आम्ही गेल्यावर याला आंघोळ कोण घालणार, वेळेवर जेवायला कोण देणार, जमिनीतला याचा हिस्सा कोण राखणार, हा तिचा प्रश्न असतो.

या प्रश्नाचं उत्तर आज दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक घरं एकेकटी शोधतात. कुणी भावावर सोडतं, कुणी लांबच्या संस्थेत नाव घालून येतं, कुणी देवावर हवाला ठेवतं. खरं तर कायदा आहे, थोडाफार निधीही आहे. गावपातळीवर दिवसभराची सोय उभी करणं आणि आई-बाप हयात असतानाच कागदं करून ठेवणं, ही दोन कामं मात्र मागे पडली आहेत.

आधी फरक समजून घेऊ

गावात तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात मोजल्या जातात, आणि तिथूनच चुकीच्या दारात चकरा सुरू होतात.

बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे ज्याला आपण आजवर ‘मतिमंद’ म्हणत आलो. यात समज, शिकणं आणि रोजची कामं करणं लहानपणापासूनच मागे राहतं. तो आजार नाही, त्यामुळे औषधाने ‘बरा’ होत नाही. शिकवण्याने आणि सरावाने मात्र बराच फरक पडतो.

मानसिक आजार वेगळा. तो कुणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि उपचाराने बरंच सुधारतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर बौद्धिक दिव्यांगत्व हे मानसिक आजारात मोजायचं नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तरीही ‘याला येरवड्याला टाका’ असा सल्ला अजून ऐकू येतो. येरवड्याचं मनोरुग्णालय मानसिक आजारावर उपचार करण्यासाठी आहे. बौद्धिक दिव्यांग माणसाला आयुष्यभर ठेवून घेण्याची ती जागा नाही.

तिसरी गोष्ट अध्ययन अक्षमता. यात पोराची बुद्धी चांगली असते, पण वाचताना अक्षरं उलटसुलट होतात किंवा गणित बसत नाही. त्याला शाळेत वेगळी पद्धत आणि परीक्षेत सवलत लागते. आयुष्यभर सांभाळण्याचा प्रश्न तिथे येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत. ‘मतिमंद’ हा जुना शब्द त्या कायद्याने काढून टाकला. शाळांच्या पाट्यांवर आणि जुन्या दाखल्यांवर तो अजून दिसतो.

हा प्रश्न आताच एवढा मोठा का झाला?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ लाख ६० हजार लोकांची नोंद बौद्धिक दिव्यांग म्हणून झाली होती. घरच्यांनी न सांगितलेले यात आलेले नाहीत. लग्नाच्या बहिणी असतील तर घरातल्या अशा भावाचं नाव सांगायला लोक कचरतात, हे गावात कुणाला सांगायला नको.

प्रश्न मोठा होण्याची दोन कारणं आहेत.

एक, आयुष्य वाढलं. डाऊन सिंड्रोम असलेली माणसं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी प्रगत देशांतही सरासरी पंचविशीच्या पुढे जात नव्हती. आज तिथे ती साठीपर्यंत जगतात. आपल्याकडेही औषधपाणी सुधारलं. पूर्वी असं मूल बऱ्याचदा आई-बापाच्या डोळ्यांदेखत जायचं. आता आई सत्तरीची आणि पोरगं पंचेचाळिशीचं, अशी घरं दिसतात. लेकरू आई-बापाच्या मागे जगणार आहे, ही परिस्थिती गावांसाठी नवी आहे.

दोन, घर लहान झालं. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. जावळी-पाटणची पिढ्यान् पिढ्या माथाडी कामाला मुंबईत आहेत. माण, खटाव, जतमध्ये पाऊस रुसला की माणसं बाहेर पडतात. पूर्वी वाड्यात आजी, चुलती, आत्या असायच्या आणि एकीचं लक्ष नसलं तर दुसरीचं असायचं. आज मागे म्हातारी आई आणि तिचं ते एक पोरगं उरतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तरी त्याला आठ दिवस कुठे ठेवायचं, याला उत्तर नसतं.

हा भार बायकांवरच पडतो, हेही मोकळेपणाने बोललं पाहिजे. आई नसेल तर वहिनीवर, वहिनी नसेल तर माहेरी परत आलेल्या बहिणीवर. या कामाला पगार नाही, सुट्टी नाही, आणि चुकलं तर बोलणी तिलाच.

अठरा वर्षं पूर्ण झाली की रस्ता तुटतो

कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शाळा आहेत, काही निवासीही आहेत. अठरा झाल्यावर शाळा संपते. मोठ्यांसाठीच्या कार्यशाळा मोजक्याच आहेत, आणि त्याही शहराजवळ. जतहून सांगली ८०-९० किलोमीटर. उमदी, संखकडच्या माणसाला आणखी लांब. दहिवडीहून साताऱ्याला जायचं तरी सकाळ मोडते. रोज एवढी ये-जा कुणालाच जमणारी नाही.

मग होतं काय? शाळेत दहा वर्षं शिकलेलं पोरगं घरी येतं आणि ओट्यावर बसून राहतं. स्वतःची अंघोळ, कपडे, पैशाची ओळख, रांगेत उभं राहणं, जे जे शिकलेलं असतं ते सरावाअभावी विसरतं. अंगात ताकद आलेली, हाताला काम नाही, त्यातून चिडचिड वाढते. घरचे म्हणतात ‘आता आवरत नाही’, आणि संस्थेचा शोध सुरू होतो.

अठरानंतर काय, हा प्रश्न राज्यात सगळ्यात जोरात मांडला तो अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकर यांनी. अचलपूर तालुक्यातल्या त्यांच्या बालगृहात बेवारस सापडलेली मतिमंद, मूकबधिर, अंध अशी १२३ मुलं-मुली वाढली. त्या सगळ्यांना त्यांनी स्वतःचं नाव दिलं. अनाथ दिव्यांगाला अठराव्या वर्षी बाहेर काढायचं तर तो जाणार कुठे, असं ते वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांचा प्रश्न फक्त अनाथांचा नाही. आई-बाप गेल्यावर घरातला बौद्धिक दिव्यांगही तिथेच येऊन उभा राहतो.

‘मोठं वसतिगृह काढा’ एवढ्याने भागतं का?

असा विषय निघाला की पुढारी पटकन म्हणतात, जिल्ह्याला एक मोठी संस्था काढू. ज्याचं खरंच कुणी नाही, त्याला निवारा लागतोच. त्याबद्दल वाद नाही. पण चार भिंतींच्या आत, गावापासून लांब, शे-दोनशे माणसं एकत्र ठेवली की काय होतं, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलाय.

१९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या वेळी स्वच्छता राखता येत नाही, असं कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तोवर किमान ११ मुलींवर त्या झाल्या होत्या. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं.

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या आश्रमात कुपोषणाने मुलांचे मृत्यू झाल्याचं समोर आलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभरच्या अशा संस्थांच्या पाहणीसाठी समिती नेमली. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघडे पडले.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. इंग्लंड-वेल्समध्ये कार्डिफच्या एली रुग्णालयातला छळ १९६९ च्या चौकशी अहवालात बाहेर आला. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या विलोब्रुक या हजारो मुलांच्या संस्थेची दशा १९७२ मध्ये टीव्हीवर दिसली आणि देश हादरला. ती संस्था १९८७ मध्ये बंद झाली. स्वीडनने तर १९९९ अखेर अशा मोठ्या संस्था बंद करण्याचा कायदाच केला. या देशांनी मोठ्या इमारती सोडून वस्तीतली लहान घरं, दिवसाची केंद्रं आणि घरी येणारा मदतनीस हा मार्ग धरला. त्यातही त्रुटी निघाल्या. पण मोठ्या संस्थांकडे परत जाऊया, असं तिथे कुणी म्हणत नाही.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. आत काय चाललंय, हे बाहेरच्या कुणाला दिसत नव्हतं. जी माणसं स्वतःची तक्रार नीट सांगू शकत नाहीत, त्यांना ओळखणारी माणसं रोज आजूबाजूला असणं, हीच त्यांची मोठी राखण असते.

म्हणून नातेवाइकाला संस्थेत ठेवायची वेळ आलीच, तर आधी तिची नोंदणी बघावी. दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी नसलेली संस्था चालवता येत नाही. न सांगता कधीही भेटू देतात का, मुलींच्या विभागात रात्री बाई कर्मचारी असते का, दिवसभर काम काय देतात, आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात नेतात, हे विचारावं. ‘भेटायला येऊ नका, त्याला त्रास होतो’ असं सांगणाऱ्या संस्थेपासून लांब राहिलेलं बरं.

घरही नेहमी सुरक्षित असतं असं नाही

गावच चांगलं, संस्था वाईट, असंही म्हणता येणार नाही. गावातही दावणीला बांधल्यासारखी खोलीत कोंडलेली माणसं असतात. त्यांच्या पेन्शनवर दुसरीच घरं चालतात. बौद्धिक दिव्यांग मुलींवर अत्याचार करणारा बऱ्याचदा ओळखीतलाच निघतो. ‘हिला काय कळतंय, कोर्टात काय सांगणार’ असं समजून तो वागतो. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार केल्यास २०१६ च्या कायद्यात ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बलात्काराची आणि पोक्सोची कलमं त्याशिवाय लागतात. मुलीला नीट बोलता येत नसेल तर जबाब घेताना जाणकार माणसाची मदत देणं पोलिसांना बंधनकारक आहे. प्रकरण गावात बसून मिटवणं हा त्या मुलीवर दुसरा अन्याय आहे.

मुलीच्या शरीराबद्दलचा निर्णय कोण घेणार, यावर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका प्रकरणात निकाल दिलाय. संबंधित तरुणीचं बौद्धिक दिव्यांगत्व सौम्य होतं. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ‘तिला कळत नाही’ असं गृहीत धरण्याआधी तिला विचारायचं असतं, हा त्यातला धडा.

मधला रस्ता कुठे कुठे सापडला?

घरात एकटं ठेवायचं किंवा लांब नेऊन सोडायचं, या दोन टोकांच्या मध्ये काही नमुने आहेत.

बदलापूरची ‘आधार’ ही संस्था १९९० च्या सुमारास पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. आमच्यानंतर काय, हाच त्यांचा प्रश्न होता. मोठ्या वयाच्या बौद्धिक दिव्यांगांना आयुष्यभर राहता येईल, दिवसभर काम करता येईल, अशी सोय त्यांनी केली. पालकच चालवत असल्यामुळे पालकांची नजर राहते.

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ १९९४ पासून आहे. इथे प्रौढ बौद्धिक दिव्यांग घरासारखे गटाने राहतात आणि आपापली कामं करतात. संस्थेचं काम आसपासच्या गावांमध्येही चालतं, त्यामुळे गाव आणि संस्था यांच्यात कुंपण राहत नाही.

गावाच्या दृष्टीने सगळ्यात जवळचा नमुना केरळचा आहे. तिथे २००४ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या वेंगानूर पंचायतीत ‘बड्स’ केंद्र सुरू झालं. पंचायतीने जागा आणि खर्च उचलला, ‘कुडुंबश्री’ या महिला बचत गटांच्या जाळ्याने साथ दिली. लहानांसाठी शाळा आणि अठरावरच्यांसाठी दिवसाचं पुनर्वसन केंद्र, असे दोन भाग आहेत. माणूस सकाळी येतो, दुपारी जेवतो, काहीतरी काम शिकतो आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी जातो. आज केरळात अशी ३०० हून जास्त केंद्रं आहेत. दिवसभर घरी सांभाळणाऱ्या माणसालाही तिथे ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिन्याला ६०० रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे, पण सांभाळणं हेही काम आहे, एवढं सरकारने मान्य केलं.

आपल्या २०१६ च्या कायद्यातही, ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या सांभाळासाठी भत्ता देण्याची तरतूद आहे. दिव्यांगाला समाजात राहण्याचा हक्क आहे, ठरावीक ठिकाणीच राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही आणि त्यासाठी वस्तीत आधारसेवा मिळाली पाहिजे, हेही कलम ५ मध्ये आहे. ३ डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. त्यामुळे ही मागणी कुणाकडे करायची, हा प्रश्न आता उरलेला नाही.

ग्रामपंचायतीचे ५ टक्के कुठे जातात?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पूर्वी ३ टक्के होते, २०१८ मध्ये ५ झाले. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही असा निधी ठेवावा लागतो.

अनेक गावांत मार्चअखेर घाईघाईने यादी काढून प्रत्येकाच्या हातावर हजार-पाचशे किंवा एखादी वस्तू ठेवली जाते. फोटो निघतो, विषय संपतो. ज्याला चालता येत नाही त्याला सायकलचा उपयोग होतो. पण बौद्धिक दिव्यांगाला वस्तूपेक्षा माणूस लागतो आणि रोजची सोय लागते. निधीतून व्यक्तिगत मदतीबरोबर सामूहिक कामही करता येतं, हे अनेक सदस्यांना ठाऊक नसतं.

साधा हिशेब करू. एखाद्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला १० लाख धरलं, तर ५ टक्के म्हणजे ५० हजार. एवढ्यात एका गावाचं केंद्र चालत नाही. पण एकाच खोऱ्यातली किंवा एकाच बाजाराची दहा गावं एकत्र आली, तर ५ लाख होतात. हा पैसा सगळ्याच दिव्यांगांचा आहे, त्यामुळे निम्माच धरू : अडीच लाख. दोन मदतनीस बायकांना महिना १० हजारप्रमाणे वर्षाचे २ लाख ४० हजार लागतात. म्हणजे दोन माणसांचा पगार निघाला. पट कमी झाल्याने रिकाम्या पडलेल्या शाळेच्या खोल्या, समाजमंदिर, यात जागा भागते. जेवण, गाडी आणि थेरपीवाल्याचा खर्च जिल्हा परिषदेचा निधी, साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था आणि गावची देणगी यांतून उभा करता येतो. यात्रेला लाखांची वर्गणी काढणाऱ्या गावांना हे अवघड नाही.

कामही इथल्याच मातीतलं मिळू शकतं. तासगाव, कवठेमहांकाळला बेदाणा निवडण्याचं काम असतं, महाबळेश्वर-वाईकडे स्ट्रॉबेरीची खोकी, सगळीकडे रोपवाटिका, शेळ्या, दूध संकलन. एकच काम पुन्हा पुन्हा न कंटाळता करणं अनेक बौद्धिक दिव्यांगांना छान जमतं. फक्त दोन अटी : काम त्याला झेपणारं असावं आणि मजुरी पूर्ण मिळावी. ‘याला काय कळतंय’ म्हणून चहा-बिडीवर राबवून घेणं ही पिळवणूकच आहे.

खरं तर गावाने यातलं निम्मं काम नकळत केलेलंच असतं. असा माणूस गावात सगळ्यांच्या ओळखीचा असतो. पालखीत तो पुढे असतो, लग्नात पंगतीला असतो, चुकला तर कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडतं. शहरात ही ओळख पैसे देऊन मिळत नाही. तिला रोजच्या सोयीची जोड दिली, की लांबच्या वसतिगृहाची गरज बऱ्याच घरांना पडणार नाही.

हयात असताना करायची कामं

केंद्र होईल तेव्हा होईल. पाच गोष्टी मात्र प्रत्येक घराने आजच बघाव्यात.

१) यूडीआयडी कार्ड. बाकी सगळ्या योजनांची चावी हीच. अर्ज ऑनलाइन होतो. तपासणीसाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय अशा ठरलेल्या सरकारी ठिकाणी जावं लागतं. लहान वयात काढलेला दाखला तात्पुरता असतो. १८ पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी करून कायमचा घ्यावा.

२) पेन्शन. संजय गांधी योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, या मुख्य अटी आहेत. महिन्याला साधारण चार हजार कमावणारं घरही या मर्यादेच्या काठावर येतं. रक्कम वाढली तशी ही मर्यादाही वाढली पाहिजे, नाहीतर खरे गरजू कागदावर ‘श्रीमंत’ ठरून बाहेर राहतील.

३) कायदेशीर पालकत्व. सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं काम हेच. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. बँक, जमीन, ऑपरेशनची सही, सगळीकडे अडतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी ही समिती पालक नेमून देते. आई-बाप नसतील तर नातेवाईक अर्ज करू शकतात.

यात राखणही आहे. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. हयगय केली किंवा मालमत्ता लाटली तर पालकत्व काढून घेता येतं. सातबारावरचा हिस्सा ‘त्याला काय करायचाय’ म्हणून परस्पर सोडून घेण्याचे प्रकार टाळायचे असतील, तर हा कागद हवाच.

४) निरामय आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यासाचीच ही योजना. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, त्यात थेरपी आणि औषधंही येतात. वयाची अट नाही, आधी तपासणीही लागत नाही.

५) कुटुंब निवृत्तिवेतन. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील, तर त्यांच्या मागे बौद्धिक दिव्यांग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी सेवापुस्तकात आणि पेन्शनच्या कागदांत त्याचं नाव वेळेत लावून घ्यावं.

आणखी एक गोष्ट कागदाइतकीच मोलाची. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, फिट येते का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, कुणाचं ऐकतो, हे एका वहीत लिहून ठेवावं. उद्या सांभाळणारा बदलला तर ही वही त्याच्या हातात असेल.

पुराच्या काळात यांची यादी कुणाकडे आहे?

२०१९ च्या महापुरात मिरज, पलूस, वाळवा तालुक्यांतली गावंच्या गावं पाण्यात होती. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा वेळी ‘बाहेर पडा’ ही हाक सगळ्यांना सारखी कळत नाही. बौद्धिक दिव्यांग माणूस घाबरून लपून बसतो किंवा बोटीत चढायला नकार देतो. निवारा केंद्रातल्या गर्दी-गोंगाटात त्याला राहवत नाही, म्हणून आईही त्याच्यासोबत घरीच थांबते.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी, असं २०१६ चा कायदा सांगतो. गावपातळीवर ही यादी पोलिस पाटील, ग्रामसेवक आणि आशाताई यांच्याकडे पाऊस लागण्याआधी असायला हवी. कुणाला आणायला कोण जाणार, हेही त्यात नावानिशी ठरलेलं हवं.

ग्रामसभेत विचारायचे चार प्रश्न

- आपल्या गावात बौद्धिक दिव्यांग किती, आणि त्यातले १८ वर्षांवरचे किती?
- गेल्या तीन वर्षांत ५ टक्के निधी किती जमला आणि कशावर खर्च झाला?
- शेजारच्या गावांसोबत मिळून दिवसाचं केंद्र काढायचा ठराव करायचा का?
- आई आजारी पडली तर चार दिवस सांभाळायला गावात कोण तयार आहे?

चौथ्या प्रश्नाला शासन निर्णय लागत नाही आणि निधीही लागत नाही. दोन-तीन घरांनी हात वर केले, तरी म्हाताऱ्या आईला स्वतःच्या दवाखान्याची तारीख घेता येईल. पहिले तीन प्रश्न मात्र लावून धरावे लागतील. २५०० रुपये खात्यावर जमा करून शासनाने आपला एक भाग केला. हे पैसे ज्याच्या नावावर येतात त्याला संध्याकाळी कुणी जेवू घालणार की नाही, हे आता गावाला ठरवायचं आहे, आणि ते त्याची आई हयात आहे तोवर ठरलेलं बरं.